दोन नोबेल आणि एक सर्दी

लायनस पॉलिंग यांचं ‘व्हिटॅमिन सी अँड द कॉमन कोल्ड’ हे पुस्तक १९७० साली आलं आणि अमेरिकेत ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांवर ग्राहकांच्या उड्या पडल्या. सांगणारा कुणी ऐरागैरा नव्हता. रसायनशास्त्राचं आणि शांततेचं अशी दोन नोबेल त्यांच्या नावावर होती, तीही कुणाबरोबर वाटून न घेतलेली. रोज ग्रॅमभर किंवा जास्तच ‘क’ घ्या, सर्दी फिरकणार नाही, असं ते सांगत.

पुढे गाडी कर्करोगाकडे वळली. स्कॉटलंडमधले डॉक्टर इवान कॅमेरॉन आणि पॉलिंग यांनी १९७६ मध्ये जाहीर केलं, की ‘क’चे मोठे डोस दिलेले शंभर अत्यवस्थ रुग्ण इतरांपेक्षा कितीतरी जास्त जगले. खोच ‘इतरां’मध्ये होती. ते एक हजार रुग्ण जुन्या कागदपत्रांतून निवडलेले होते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने मग रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले; एकाला ‘क’, दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. १९७९ आणि १९८५, दोन्ही वेळा फायदा शून्य.

गंमत म्हणजे, ‘क’ची ताकद ठळकपणे दिसली तीही अशाच तुलनेतून. १७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने ‘क’च्या कमतरतेने होणारा स्कर्व्ही हा आजार झालेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. संत्री-लिंबं खाणारी जोडी काही दिवसांतच सावरली. जीवनसत्त्व हा शब्दही तेव्हा जन्मला नव्हता.

मग सर्दीचं काय?

कोक्रेन या संशोधक-जाळ्याच्या २०१३च्या आढाव्यात ११,३०६ जणांवरच्या २९ तुलना एकत्र तपासल्या गेल्या. रोज गोळी घेणाऱ्या सर्वसामान्य माणसांनाही सर्दी जवळपास तितक्याच वेळा झाली. फक्त मोठ्यांमध्ये ती ८ टक्के, मुलांमध्ये १४ टक्के लवकर आटोपली. आठवडाभराच्या सर्दीत मोठ्यांचे वाचले ते तेरा-चौदा तास. शिंका सुरू झाल्यावर गोळी घेणाऱ्यांना खात्रीचा लाभ दिसला नाही. मॅरेथॉनपटू, स्कीइंग करणारे आणि कडाक्याच्या थंडीत सराव करणारे सैनिक यांच्यात मात्र सर्दीचं प्रमाण निम्म्यावर आलं. पण हे सगळे मिळून ५९८ जण.

कोरोनाकाळात आपल्याकडेही अनेक घरांत ५०० मिलिग्रॅमच्या चघळायच्या गोळ्या आल्या. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशीनुसार पुरुषाला दिवसाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम ‘क’ पुरतं. तेवढं एका मध्यम आकाराच्या पेरूत असतं, आणि वर थोडं उरतंही.