एका सुईत पाच रोग अडतात, पण डोस तीनच लागतात

'पेंटा' हा शब्द वस्तीतल्या बहुतेक आयांना माहीत आहे. पण पेंटा म्हणजे काय आणि पहिल्या डोसानंतर आणखी दोन का लागतात, हे फार थोड्या जणींना कुणी बसून सांगितलेले असते.

आधी काय होते?

2015 पूर्वी महाराष्ट्रात सरकारी लसीकरणात घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांसाठी त्रिगुणी लस मिळे आणि ब प्रकारच्या काविळीची सुई वेगळी असे. हिब नावाच्या जंतूवरची लस मात्र त्यात नव्हती. हा जंतू तान्ह्या बाळाला न्यूमोनिया आणि मेंदूज्वर करतो. मेंदूज्वरातून वाचलेले लेकरू कधी कधी कायमचे बहिरे होते. हिबची लस खासगी दवाखान्यात पैसे मोजून घ्यावी लागे. एका खोलीत, चुलीच्या धुरात वाढणाऱ्या बाळाला न्यूमोनियाचा धोका जास्त, आणि नेमके तेच लसीवाचून राहत होते.

पेंटामध्ये हे पाचही रोग आले. डिसेंबर 2011 मध्ये केरळ आणि तामिळनाडूत ती सुरू झाली. उमरग्याच्या सीमेपलीकडे कर्नाटकात 2013 मध्ये आली आणि आपल्याकडे 2015 मध्ये. तिन्ही लसी वेगळ्या दिल्या असत्या तर बाळाला नऊ सुया टोचाव्या लागल्या असत्या. आता तीन पुरतात. पोलिओ आणि न्यूमोनियाच्या दुसऱ्या लसीची सुई त्याच दिवशी वेगळी असते, म्हणून "सिस्टरने जास्तीची सुई दिली" असे समजू नका.

तीन डोस कधी?

दीड महिना, अडीच महिने आणि साडेतीन महिने. सुई डाव्या मांडीत देतात. पहिल्या डोसाने शरीराला रोगाची ओळख होते, पुढच्या दोन डोसांनी ताकद पक्की होते. एकच डोस घेतलेले मूल अर्धवट उघड्यावर असते. दीड वर्षाच्या सुमारास आणि पाच वर्षांनंतर त्रिगुणीचा बूस्टर असतो, तोही चुकवू नका.

ताप आला तर?

एक-दोन दिवस अंग तापते, मांडी दुखते, लेकरू किरकिरते. लस काम करू लागल्याची ही खूण आहे. सिस्टरने दिलेले तापाचे औषध तिने सांगितले तेवढेच द्या, अंगावर पाजत राहा. सुईच्या जागी हळद, तेल, शेक काही नको. सुईनंतर अर्धा तास तिथेच थांबा. झटके आले, बाळ तीन तासांहून जास्त वेळ सतत रडले किंवा निपचित पडले तर लगेच दवाखाना गाठा.

भीतीच्या गोष्टी कानावर येतात. श्रीलंकेत 2008 मध्ये काही बाळे दगावल्यावर ही लस थांबवली होती. तज्ज्ञांनी चौकशी केली, लसीमुळे मृत्यू झाल्याचे आढळले नाही, आणि 2010 मध्ये ती पुन्हा सुरू झाली. शंका आली तर सिस्टरला विचारा. डोस टाळू नका.

टोळी निघाली, डोस राहिला

आपल्या जिल्ह्यातली खरी अडचण ही आहे. दिवाळीच्या आसपास भूम, परंडा, कळंब, वाशीकडून कोयते कारखान्यांकडे निघतात. पहिला डोस गावात होतो आणि दुसऱ्याची तारीख फडात उगवते. मुकादम सुट्टी देत नाही, एका दिवसाची मजुरी बुडते, आणि डोस राहून जातो.

म्हणून कपड्यांच्या गाठोड्याआधी लसीकरणाचे कार्ड घ्या. लस देशभर मोफत आहे. तळाजवळच्या गावात आशाताईला गाठा, उपकेंद्रात किंवा अंगणवाडीत कार्ड दाखवा. तुम्ही त्या गावचे नाही म्हणून डोस नाकारता येत नाही. तळावर दहा-बारा लेकरे असतील तर तिथेच लसीकरणाचे सत्र ठेवायला सांगा, तो तुमचा हक्क आहे.

उशीर झाला तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिलेला डोस घ्या, दोन डोसांत किमान चार आठवडे ठेवा. पहिला डोस मात्र बाळ वर्षाचे होण्याआधी झालाच पाहिजे.

महिला मंडळाने काय करावे?

विहारातल्या फळ्यावर वस्तीतल्या वर्षाखालच्या बाळांची नावे लिहा आणि नावापुढे तीन चौकोन काढा. डोस झाला की खूण करा. टोळी निघण्याआधीच्या पौर्णिमेला रिकामे चौकोन मोजा, आणि ती यादी घेऊन आशाताईकडे जा.