लायकीचा दाखला

दसरा उलटला म्हणजे गेवराई तालुक्यातील वाड्यावस्त्या हळूहळू ओस पडू लागतात. ज्यांच्या कोरडवाहू रानात वर्षाची भाकर पिकत नाही, अथवा ज्यांच्या नावावर सातबाऱ्याचा कागदच नाही, अशी कुटुंबे मुकादमाची उचल अंगावर घेऊन, भांडीकुंडी, गोधड्या, कोयते आणि कडेवरची लेकरे वाहनात घालून, ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि कुलूप लावलेली दारे. अशीच एक टोळी निघण्याच्या आदल्या संध्याकाळी काही ख्रिस्ती कुटुंबे एका अंगणात प्रार्थनेला बसली होती, आणि मीही त्यांत होतो. प्रार्थना आटोपल्यावर पाळकांनी तिशी ओलांडलेल्या एका गड्याला जवळ बोलावले आणि तळावर गेल्यावर रोज संध्याकाळी चार माणसे जमवून प्रार्थना चालवण्याचे काम त्याच्यावर सोपवले. तो एकदम मागे सरला.

"नगं साहेब," तो म्हणाला, "दारू सुटून मपल्याला वरीसबी झालं न्हाई. मपल्या तोंडानं देवाचं नाव निघालं तर लोक हसतील."

पाळक क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, "मागल्या साली मुकादमाची चिठ्ठी घेऊन तुम्ही कारखान्याच्या चिठबॉयकडं गेला होता, तेव्हा त्यानं तुमची लायकी विचारली का?"

"न्हाई. चिठ्ठी बघितली."

"मग आताही चिठ्ठीच घेऊन जा."

त्या दोन वाक्यांत ख्रिस्ती धर्माच्या एका मध्यवर्ती सिद्धांताचे सार आले होते. देवाची सेवा करावी अशी इच्छा मनात असूनही, स्वतःचे दोष, पूर्वायुष्यातील चुका, अल्प शिक्षण, तापट स्वभाव किंवा सुटत नसलेले एखादे व्यसन यांची आठवण होऊन पाऊल अडते, हा अनुभव कोणत्याही एका धर्माच्या माणसांपुरता मर्यादित नाही. आधी लायकीचा दाखला, मग कामावर रुजू, ही सरकारी दफ्तराची रीत आपण नकळत परमेश्वराच्या दरबारालाही लावतो. ख्रिस्ती श्रद्धेचे म्हणणे असे, की त्या दरबारात नेमणूक आधी होते, आणि नेमलेल्या माणसाची घडण पुढे कामातच होत जाते. दूताच्या शब्दाला वजन येते ते पाठवणाऱ्याच्या मोहोरेमुळे. म्हणून ख्रिस्ती सेवकाचा धीर हा स्वतःवरचा भरवसा नसून पाठवणाऱ्यावरचा इतबार असतो.

बायबल उघडून पाहावे, तर तेथे निर्दोष सेवकांची मालिका शोधूनही सापडत नाही. इस्राएलांना मिसरच्या दास्यातून सोडवण्याची आज्ञा झाली तेव्हा मोशे आपल्या जड जिभेची सबब पुढे करून दुसऱ्या कोणाला पाठवावे म्हणून विनवू लागला. परमेश्वराने त्याची जीभ हलकी करून दिली नाही. बोलण्यासाठी त्याचा भाऊ अहरोन सोबत दिला आणि मोशेची नेमणूक मात्र कायम ठेवली. संदेष्टा होण्याचे बोलावणे आले तेव्हा यिर्मयाने आपल्या कोवळ्या वयाकडे बोट दाखवले, पण तेही मान्य झाले नाही. पौलाने तर ख्रिस्ताच्या अनुयायांचा छळच केला होता. पुढे तो प्रेषित झाला, तरी शरीरातला एक काटा त्याला सलत राहिला. तो काढून टाकावा म्हणून त्याने तीनदा प्रार्थना केली, आणि उत्तर मिळाले ते असे, की कृपा तुला पुरेशी आहे आणि दुर्बलतेतच सामर्थ्य पूर्णत्वास जाते. करिंथच्या मंडळीला लिहिताना त्याने स्वतःला व आपल्या सहकाऱ्यांना मातीच्या भांड्यांची उपमा दिली, ती हा अनुभव गाठीशी असल्यामुळेच.

परंतु या विषयाचे सर्वांत हृदयस्पर्शी चित्र आहे ते येशूचा शिष्य पेत्र याचे. ज्या रात्री येशूला धरून नेले त्या रात्री, महायाजकाच्या अंगणात कोळशाच्या विस्तवाशी शेकत असताना, पेत्राने आपण त्या माणसाला ओळखतही नाही असे तीनदा सांगितले. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात पुन्हा एक कोळशाचा विस्तव येतो. सरोवराच्या काठी, पहाटेच्या वेळी, पुनरुत्थित येशूने तो पेटवलेला आहे, आणि त्यावर मासळी व जवळ भाकर आहे. न्याहारी झाल्यावर येशू पेत्राला विचारतो, की तुझी माझ्यावर प्रीती आहे का. आणि हा प्रश्न तो तीनदा विचारतो. अपराधाचा पाढा वाचला जात नाही, की यापुढे चुकणार नाही असा जामीनकतबाही लिहून घेतला जात नाही. प्रत्येक उत्तरामागून काम मात्र सोपवले जाते, ते मेंढरांना चारण्याचे आणि राखण्याचे. ज्या विस्तवापाशी माणूस घसरला, तशाच विस्तवापाशी त्याला पुन्हा उभे केले गेले.

हे सारे दूरच्या मुलखातले व दूरच्या काळातले वाटत असेल, तर आपल्याच मुलखातील एका घराकडे पाहावे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा जन्म 1861 साली कोकणातील करजगाव येथे झाला. 1893 साली आगगाडीच्या प्रवासात एका अनोळखी युरोपियन गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार दिला आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी सेवा केली, 'ज्ञानोदय' या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन केले, आणि मराठी मंडळ्यांना अभंगाच्या व भजनाच्या वळणाची उपासनागीते दिली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो असे ते सांगत, आणि त्यात तथ्य होते. कारण स्वतःला पतित म्हणवून पतितपावनाच्या पायी निःशंकपणे येण्याचा धीर या भूमीला संतांनी कित्येक शतके आधी शिकवलेला होता.

असे हे थोर भक्तकवी घरात कसे होते, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रातून महाराष्ट्राला ठाऊक झाले. त्या पुस्तकाचा पहिला भाग 1934 साली प्रसिद्ध झाला. विलक्षण संताप, संसाराची बेफिकिरी, हाती पैसा न टिकणे, मनात येईल तेव्हा न सांगता घरातून निघून जाणे, हे टिळकांचे दोष लक्ष्मीबाईंनी झाकले नाहीत. आणि त्या दोषांमुळे त्यांची थोरवी उणी झाल्याचेही कोठे जाणवू दिले नाही. टिळकांच्या धर्मांतराचा आघात त्यांनी सोसला तो लहान मुलाला पदरी घेऊन, काही वर्षे पतीपासून दूर राहून. ज्या पुरुषाच्या हातून देवाची एवढी सेवा झाली त्याच्या उतावळेपणाची किंमत त्याच्या घरच्या माणसाने मोजली, ही गोष्ट या विषयावर लिहिणाऱ्याने कधीही विसरता कामा नये.

आणि लक्ष्मीबाई तरी कोणत्या सामग्रीवर सेवेला उभ्या राहिल्या? ज्या वडिलांच्या घरी सोवळ्याने वेडाची परिसीमा गाठली होती, त्या घरात त्या वाढल्या. अकराव्या वर्षी लग्न झाले. शाळेचे शिक्षण नाही, घरीच जेमतेम लिहावाचायला शिकलेल्या. पतीजवळ पुन्हा राहायला आल्या तेव्हाही विटाळाची भीती मनातून गेली नव्हती. चूल वेगळी, पाणी वेगळे. ती भीती एका उपदेशाने नाहीशी झाली नाही. सहवासातून आणि विचारातून एकेक गाठ सुटत गेली, आणि 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्याच हातांनी त्यांनी जातीचा विचार न करता परक्या पोरांना जेवू घातले. टिळक 9 मे 1919 रोजी निवर्तले, तेव्हा येशूच्या चरित्रावर त्यांनी आरंभलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अवघ्या दहा-अकरा अध्यायांवर थांबले होते. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी, आणि तेही थोडेथोडके नाही, तब्बल 64 अध्यायांनी! विद्वत्तेचा दाखला आधी मागितला असता, तर हे काम त्यांच्या वाट्याला कधीच आले नसते.

पंडिता रमाबाईंची हकीकत याहून निराळी, पण आशय तोच. 1883 साली त्या इंग्लंडात गेल्या, त्या वैद्यकीचा अभ्यास करावा या हेतूने. परंतु श्रवणशक्ती मंद होत चालल्यामुळे तो दरवाजा बंद झाला. ज्या स्त्रीला रोग्याच्या छातीचा ठोका ऐकू येणे कठीण, तिने शेकडो निराधार स्त्रियांची हाक ऐकली, असे त्यांनी केडगावला उभारलेल्या मुक्तिसदनाकडे पाहून म्हणावेसे वाटते. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी उपाशी मुलींना व विधवांना आश्रय दिला. उतारवयात हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास करून, साध्या बाईमाणसाला समजेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर केले, आणि ते काम 1922 सालच्या आपल्या मृत्यूपूर्वी तडीस नेले. उणीव अखेरपर्यंत राहिली. सेवेचा मार्ग मात्र तिला वळसा घालून पुढे गेला.

गेवराईकरांना याहूनही जवळची खूण हवी असेल, तर गोदावरी ओलांडून जालन्याकडे जावे. हा सारा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता, त्या काळात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्यास आपले कार्य उभारले. ते स्वतः जन्माने ब्राह्मण, 1843 साली ख्रिस्ती झालेले. त्यांच्या हातून ज्यांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला त्यांत मोठा भरणा होता तो गावकुसाबाहेर ठेवलेल्या मांग-महार बांधवांचा. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर जालन्याजवळ बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत वसली. ज्यांना देवळाच्या पायरीशीही उभे राहण्याची मुभा नव्हती, आणि आपण नालायक आहोत हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या पढवले गेले होते, त्यांनी तेथे स्वतःच्या मुखाने सामुदायिक प्रार्थना करावी, ही घटना केवढी मोठी! येथे दोषाचा अर्थही नीट तपासून घ्यावा लागतो. मनुष्याचे स्वतःचे पाप निराळे आणि समाजाने त्याच्या कपाळी मारलेला कलंक निराळा. पापाबद्दल पश्चात्ताप करावयाचा असतो. कलंक मात्र झुगारून द्यावयाचा असतो. ज्याने दुसऱ्याचा अन्याय स्वतःची नालायकी म्हणून उरी बाळगला, त्याला क्षमेची नव्हे, सुटकेची गरज असते.

आता एक आक्षेप सहज मनात येईल. दोष असूनही देव कामास लावतो असे एकदा म्हटले, की दोषांना मोकळे रानच मिळाले नाही काय? हा आक्षेप बळकट आहे, आणि पौलाच्या काळीही तो घेतला गेला होता. याचे उत्तर असे, की कृपा ही बाकी माफ करणारी असली तरी ती लबाडीची सनद नव्हे. ज्याच्या दोषाने दुसऱ्याला इजा होते, त्याने आधी त्या माणसापुढे मान लववली पाहिजे, झालेले नुकसान शक्य तितके भरून दिले पाहिजे, आणि ज्या कामात तो दोष पुन्हा कोणाचा घात करील त्या कामापासून दूर राहिले पाहिजे. ज्याचा हिशेबात हात स्वच्छ नाही त्याने मंडळीची थैली सांभाळू नये. आजाऱ्याच्या उशाशी बसायला मात्र त्याला कोणाची आडकाठी नाही.

याच्या उलट टोकाला आणखी एक फसवा मार्ग आहे, आणि मी स्वतः त्या मार्गाने बराच काळ चाललो. सख्ख्या भावाशी बांधावरून माझे बोलणे तुटले होते, आणि मंडळीत कोणी काही काम सांगितले की, ज्याचे घरात पटत नाही त्याने लोकांना काय सांगावे, असे म्हणून मी ते टाळीत असे. ऐकणाऱ्याला तो विनय वाटे, मलाही वाटे. पुढे एका रात्री ध्यानात आले, की हा विनय मला फार सोयीचा होता. त्याच्या आडोशाने सेवाही टळत होती आणि भावाकडे जाणेही टळत होते. स्वतःच्या उणिवांकडेच डोळे लावून बसणे हीही अहंकाराचीच एक जात आहे. तेथेही माणूस पाहतो ते स्वतःलाच. दुसऱ्या दिवशी मी भावाच्या दारी गेलो. बांधाचा प्रश्न सुटायला पुढे वर्ष लागले, पण कामाला नकार देण्याची माझी सबब त्याच दिवशी संपली.

म्हणून ज्याला सेवेची ओढ आहे आणि पायात दोषांची बेडी जाणवते, त्याने आपला दोष विश्वासातल्या एका तरी माणसाजवळ नावानिशी कबूल करावा. हाताशी असलेले लहानसे काम पत्करावे. ते शक्यतो एकट्याने न करता सोबतीने करावे, जसा मोशेला अहरोन मिळाला. आणि घसरल्यास तेथेच बसून न राहता उठावे. सारे दोष नाहीसे होईपर्यंत थांबणाराला थांबूनच राहावे लागेल, कारण तसा दिवस या देहात उजाडत नाही.

त्या साली उन्हाळा तापू लागता टोळ्या परतल्या, तेव्हा तो गडी मला बसस्थानकाजवळ भेटला. मी तळावरच्या प्रार्थनेविषयी विचारले. चार महिने त्याने ती चालवली होती. कोपीबाहेर मोळ्यांचे वाळके वाढे अंथरून सात-आठ माणसे आणि त्यांची लेकरे बसत. एका बाजाराच्या दिवशी मात्र तो पुन्हा प्यायला होता. हे त्याने मान खाली न घालता सांगितले, आणि मग म्हणाला, की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लेकरे नेहमीप्रमाणे येऊन बसली तेव्हा त्याने सगळ्यांदेखत सांगितले, "काल मी घसरलो. आज प्रार्थना तुम्ही कुणीतरी सांगा." बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी एक बारा वर्षांचा पोरगा उठला, डोळे मिटून त्याने अडखळत प्रार्थना सांगितली, आणि तीत सर्वांत आधी नाव घेतले ते या माणसाचे.

"त्या दिसापून पोरं पाळीपाळीनं सांगत्यात," तो म्हणाला, आणि पेटी डोक्यावर घेऊन वस्तीकडे चालू लागला.