नाव बदललं आणि खातं हरवलं

"मॅडम, वेबसाइट आणि पोर्टल यात फरक काय हो?" प्रत्येक बॅचला पहिल्याच दिवशी हा प्रश्न येतो. मी सांगते, साधी वेबसाइट म्हणजे भिंतीवरची जाहिरात, सगळ्यांना सारखीच दिसणारी. पोर्टल म्हणजे वाण्याची उधारीची वही. तुम्ही गेलात की तुमचंच पान उघडतं, शेजारणीचं नाही. ही वही म्हणजे डेटाबेस. मग सगळ्या हसतात आणि निम्मी भीती तिथेच पळते.

आमच्या तालुक्याच्या गावी मी पीएचपी आणि मायएसक्यूएल शिकवते. दोन्ही १९९५ सालची, दोन्ही फुकट मिळणारी. यातलं 'माय' म्हणजे इंग्रजीतलं 'माझं' नव्हे बरं का! मायकेल विडेनियस यांनी आपल्या लेकीचं नाव दिलंय ते. आपल्याकडे माय म्हणजे आई, तिथे ती लेक! पुढे २००९ मध्ये त्यांनी मारियाडीबी काढला, तो धाकट्या लेकीच्या नावाने.

शिकवायला लागण्याआधी मी स्वतः घातलेला घोळ मात्र सांगायलाच हवा. मी जिथे शिकले, त्या क्लासमध्ये बटणाचे रंग महिनाभर चालले आणि टेबल कसं आखायचं ते दोन तासांत उरकलं. त्या शिदोरीवर मी बचत गटांच्या हिशेबाचं पोर्टल करायला घेतलं. सभासदाचं खातं नावावरून शोधायचं, असं ठरवून टाकलं. एका गटात दोन सुनीता निघाल्या, आडनावही एकच. दोघींची बचत एकत्र दिसायला लागली. दुसऱ्या गटातल्या एका मुलीचं लग्न झालं, नाव बदललं आणि तिचं खातं शून्यावर आलं. ती घरी आली. "ताई, माझे पैसे गेले का?" पैसे बँकेत सुखरूप होते, हरवला होता तो माझा हिशेब. कागदी वह्या समोर घेऊन तीन रात्री जागले, तेव्हा कुठे तो जुळला.

म्हणून आता पहिला आठवडा कॉम्प्युटर बंद. कागद आणि पेन्सिल. सभासदांचं एक टेबल, हप्त्यांचं दुसरं, कर्जाचं तिसरं. प्रत्येकीला कधीही न बदलणारा एक नंबर, ती प्रायमरी की. हप्त्यांच्या टेबलात नाव नाही, फक्त तो नंबर. नाव एकाच जागी लिहिलेलं, म्हणजे बदललं तरी एकदाच दुरुस्त करायचं. अशा टेबलांची कल्पना आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली, पण माझ्या मुलींना ती मसाल्याच्या डब्यावरून पटकन समजते.

त्यानंतर एसक्यूएल, आणि मग सुरक्षा. फॉर्ममध्ये कुणी नावाऐवजी खोडसाळ आज्ञा टाइप केली तर कच्चं पोर्टल ती मुकाट्याने पाळतं! म्हणून प्रिपेअर्ड स्टेटमेंट शिकल्याशिवाय मी कुणाला पुढे जाऊ देत नाही. पासवर्डही जसाच्या तसा साठवायचा नाही, त्याचा हॅश ठेवायचा. याला मुली कंटाळतात, कुरकुरतात. कुरकुरू देत.

"आता एआय कोड लिहून देतं, मग क्लास कशाला?" असं परवा एका पालकांनी विचारलं. कोड देतं, खरंय. पण गटात दोन सुनीता आहेत हे त्याला कुणीतरी सांगायला हवं ना?

मागच्या बॅचमध्ये एकीने हळूच विचारलं, "मॅडम, घटस्फोट झाला आणि परत माहेरचं नाव लावलं तर?"

मी बोलायच्या आत मागच्या बाकावरून उत्तर आलं, "नंबर तोच गं. हप्ते कुठे जात नाहीत."