समर्पित कुमारिकांचा नाताळ

नाताळ हा कुटुंबाचा सण. मुंबईतील वांद्रे असो की वसईची गावे, घरोघरी गव्हाणीचे देखावे सजतात, दूरगावी गेलेली मुले घरी परततात. अशा वेळी जिने विवाह केला नाही आणि मठाचा आश्रयही घेतला नाही, त्या स्त्रीला हा सण काय देतो? कॅथलिक चर्चमधील ‘समर्पित कुमारिकां’चे जीवन या प्रश्नाचे उत्तर देते.

या स्त्रिया धर्मभगिनी नव्हेत. त्यांना मठ नाही, गणवेश नाही. स्वतःच्या घरी राहून, नोकरी-व्यवसाय करून त्या चरितार्थ चालवितात. मात्र बिशपांच्या हस्ते होणाऱ्या जाहीर विधीत त्यांनी आपले कौमार्य आजन्म प्रभू येशूला अर्पिलेले असते. मुंबई महाधर्मप्रांतातही अशा कुमारिका आहेत. संसारी जगात राहणाऱ्या स्त्रियांसाठीची ही प्राचीन प्रथा मध्ययुगात लोप पावली होती. पोप सहावे पॉल यांच्या कारकिर्दीत १९७० मध्ये तिचे पुनरुज्जीवन झाले आणि १९८३ च्या धर्मसंहितेतील ६०४ व्या कलमाने तिला स्थान मिळाले.

नाताळाशी या प्रथेचे नाते जुने आहे. चौथ्या शतकात संत अँब्रोज यांची थोरली बहीण मार्सेलिना हिने रोममधील संत पीटर यांच्या मंदिरात पोप लायबेरियस यांच्याकडून व्रतवस्त्र स्वीकारले. तो दिवस तारणाऱ्याच्या जन्माचा होता, अशी नोंद अँब्रोज यांनी केली आहे. आजच्या विधिग्रंथातही समर्पणासाठी देहधारणाचे सण विशेष उचित मानले आहेत.

यामागे एक धर्मविचार आहे. ईश्वराने मानवी देह धारण केला, तेव्हा त्याचे मानवजातीशी जणू लग्न लागले, असे प्राचीन धर्माचार्य मानीत. संत ऑगस्टीन यांनी मरियेच्या उदराला या विवाहाच्या अंतर्गृहाची उपमा दिली. विधीत कुमारिकेला मिळणारी अंगठी याच नात्याची खूण होय. मीराबाईंची मधुराभक्ती जाणणाऱ्या भारतीय मनाला ही कल्पना परकी वाटू नये.

तरीही या जीवनात त्याग आहे. इतरांच्या घरी पाळणा हलताना पाहून रितेपण जाणवणारच. परंतु मरियेचे कौमार्य वांझ राहिले नाही, हाच नाताळाचा संदेश आहे. तिने ख्रिस्ताला देहाने जन्म दिला. कुमारिकेने तो प्रार्थनेतून आणि सेवेतून इतरांच्या अंतःकरणात जन्मास घालावा, अशी चर्चची शिकवण आहे. कार्यालयातील सहकारी, शेजारचा रुग्ण, एकाकी वृद्ध ही तिच्या मातृत्वाची क्षेत्रे ठरतात.

समर्पणविधीत कुमारिका हाती दिवा घेऊन पुढे येते. वराची वाट पाहणाऱ्या दहा कुमारिकांच्या येशूकथित दाखल्याचे ते स्मरण असते. नाताळपूर्वीचा आगमनकाळ हा सर्वच ख्रिस्ती भाविकांसाठी अशा प्रतीक्षेचा काळ. तो चार आठवड्यांत संपतो. तिची प्रतीक्षा मात्र आयुष्यभराची असते.