जुनी गाडी आधी खालून बघावी

एमजी ही अक्षरं आता आपल्या रस्त्यांवर परकी राहिलेली नाहीत. २०१९ पासून गुजरातमधल्या हलोलला या नावाच्या गाड्या तयार होतात. पण ‘मॉरिस गॅरेजेस’ या ऑक्सफर्डमधल्या मोटारीच्या दुकानावरून हे नाव पडलं, आणि एके काळी ते जगभर ओळखलं जाई ते छोट्या, उघड्या टपाच्या, दोन माणसांच्या स्पोर्ट्स कारसाठी. त्यातली सर्वांत जास्त खपलेली म्हणजे एमजीबी. १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ती इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डन गावी बनत होती. सगळे प्रकार धरून पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. जुन्या स्पोर्ट्स कारचं नाव काढलं की आपल्या डोळ्यांपुढे राजेरजवाडे आणि लिलाव येतात. पण इतक्या संख्येनं बनल्यामुळे ही गाडी आजही शिक्षकाच्या, टपाल खात्यातल्या माणसाच्या आवाक्यात असते. सुटे भाग अगदी स्क्रूपर्यंत मिळतात. म्हणूनच ती घेताना माणसं बेसावध राहतात.

मी मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरात अँबॅसिडरची इंजिनं खोलत हात काळे केले आणि पुढे निम्मं आयुष्य कॉव्हेंट्रीत गेलं. तिथं पहिल्यांदा एमजीबीचं बॉनेट उघडलं तेव्हा घरचंच कुणी भेटल्यासारखं वाटलं. कारण तिचं १७९८ सीसीचं इंजिन म्हणजे आपल्या अँबॅसिडरच्या १४८९ सीसी इंजिनाचा थोरला भाऊ. दोन्ही एकाच घराण्यातली. तेव्हापासून ओळखीतलं कुणी जुनी एमजी घ्यायला निघालं की मला सोबत नेतात.

अशाच एका स्नेह्यांबरोबर केलेल्या खरेदीच्या आधारानं सांगतो. हे गृहस्थ लेस्टरला राहणारे मराठी डॉक्टर. तीस-पस्तीस वर्षं रुग्णालयात काढून निवृत्त झाले. विद्यार्थी असताना एका मासिकात या गाडीचं चित्र पाहिलं होतं, ते डोक्यातून गेलं नव्हतं. निवृत्तीच्या रकमेतून त्यांनी दहा हजार पौंड बाजूला काढले. वहिनींनी एकच अट घातली : गाडी आणि तिची दुरुस्ती दोन्ही यातच बसलं पाहिजे, वर एक पेनीही नाही. ही अट मला फार शहाणपणाची वाटली. जुन्या गाडीची किंमत म्हणजे विकणाऱ्याला दिलेले पैसे नव्हेत. त्यानंतरच्या पहिल्या वर्षात जे जातात तेही त्यातच धरायचे असतात.

पहिली गाडी एका विक्रेत्याकडे पाहिली. लालभडक रंग, चकाकणारे क्रोमचे बंपर, नवी कोरी गादी. डॉक्टर तर दारातच हरले. मी मात्र सोबत नेलेली सतरंजी अंथरली आणि गाडीखाली शिरलो.

इथं या गाडीची रचना थोडी समजून घ्यायला हवी. जुन्या मोटारींना खाली लोखंडी सांगाडा, म्हणजे चासी असे, आणि वर बॉडी बसवलेली असे. एमजीबीला वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. त्यातून वर टप नाही, म्हणजे वरून आधार देणारं काही नाही. मग पुढचं इंजिन आणि मागची चाकं यांना एकत्र धरून ठेवतं कोण? दाराखालून जाणारी पत्र्याची पेटी. तिला सिल म्हणतात. ती एका पत्र्याची नसते. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, मध्ये उभा पत्रा आणि खाली एक पट्टी अशी ती जोडलेली असते. पुढच्या चाकानं उडवलेला चिखल मडगार्डच्या आत साठतो, ओला राहतो आणि तिथून गंज सुरू होऊन सिलमध्ये शिरतो. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे हे काम आणखी लवकर होतं. बाहेरचा पत्रा बदलून रंग मारला की गाडी नवी दिसते. आतला गंज तसाच राहतो. अशा गाडीला अपघात झाला तर ती मधून दुमडू शकते. म्हणून मी म्हणतो की इंजिन नंतर बघा. इंजिन बिघडलं तर ते उतरवून दुरुस्त करता येतं. बॉडी कुजली असेल तर तुम्ही गाडी घेतच नाही आहात, नुसते सुटे भाग घेत आहात.

याची परीक्षा साधी आहे. दार बंद करून त्याच्या मागच्या कडेची फट पाहायची. ती वरपासून खालपर्यंत सारखी हवी. वर निमुळती होत असेल तर गाडी मध्ये खचली आहे. मग एक चुंबक घ्यायचं, रंगाला ओरखडा उठू नये म्हणून पातळ फडक्यात गुंडाळायचं आणि सिलवरून, मडगार्डच्या खालच्या भागावरून फिरवायचं. जिथं ते चिकटत नाही तिथं पत्र्याऐवजी पुट्टी आहे. (सुरुवातीच्या गाड्यांचं बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं असे, तिथं चुंबक पडलं म्हणून घाबरू नये!) सीटमागचं झाकण उघडून बॅटरीच्या जागा पाहायच्या. १९७४ पर्यंत तिथं सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत आणि त्यांच्या आम्लानं खालचा पत्रा खाल्लेला असे.

लाल गाडीच्या सिलवर स्टीलच्या चकचकीत पट्ट्या बसवल्या होत्या. शोभेच्या म्हणे. खाली नुकताच फवारलेला डांबरासारखा काळा लेप. या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की मला पुढं बघावंसंही वाटत नाही, पण डॉक्टरांच्या समाधानासाठी बघितलं. जॅक लावायच्या जागी गाडी उचलून पाहूया का, असं विचारल्यावर विक्रेता नाखुषीनंच तयार झाला. चाक जमिनीवरून सुटायच्या आधीच कुठंतरी करकरलं आणि दार अडकलं, उघडेना. मी जॅक खाली घेतला. ‘या वयात आणखी काय अपेक्षा करता?’ विक्रेता म्हणाला. दोन्ही बाजूंची सिलं नीट बदलून रंग करायला एका कार्यशाळेनं मला साडेतीन ते चार हजार पौंड सांगितले होते. जुन्या साच्यांतून काढलेली संपूर्ण नवी बॉडी १९८८ पासून विकत मिळते, पण तिच्यात पैसे घालायचे तर चांगली तयार गाडीच का घेऊ नये?

डॉक्टर परतीच्या वाटेवर गप्प होते. मग म्हणाले, ‘रोगी बाहेरून ठणठणीत होता हो.’

दुसरी गाडी होती एका निवृत्त शिक्षिकेची. पंचवीस वर्षं त्यांच्याच घरात. रंग फिका पडलेला, हुड विटलेलं. पण दाराच्या फटी सरळ, आणि सिल बदलतानाचे, आतले पत्रे उघडे असतानाचे फोटो बिलांसह एका खोक्यात ठेवलेले. असं खोकं मला कोऱ्या रंगापेक्षा कधीही मोलाचं वाटतं.

फोनवर मी आधीच विनंती केली होती, आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. गरम इंजिन पुष्कळ गोष्टी लपवतं. पोचल्यावर प्रथम रेडिएटरला हात लावला, गार होता. किल्ली फिरवली की सीटमागून पेट्रोल पंपाची टिकटिक ऐकू येते आणि पेट्रोल भरलं की ती थांबते. थांबलीच नाही तर कुठंतरी गळती आहे किंवा टाकी रिकामी आहे. सुरू झाल्यावर निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खातं. पांढरा धूर बराच वेळ राहिला आणि ऑइलच्या झाकणाखाली लोण्यासारखा थर दिसला तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. थंडीत थोडी वाफ मात्र चालते. टपेटचा टकटक आवाज या इंजिनाचा स्वभावच आहे; तो अजिबात येत नसेल तर कुणीतरी फट कमी करून ठेवली आहे, आणि त्यानं व्हॉल्व जळतात. मग गाडी अर्धा तास चालवून ऑइलचा दाब पाहायचा. गरम इंजिनावर, चालत्या गाडीत तो पन्नास ते सत्तर पौंड हवा. या गाडीत साठ होता.

दोष होतेच. स्टिअरिंग जड. पुढच्या चाकांच्या किंगपिनना दर तीन हजार मैलांना ग्रीस लागतं आणि ते नेमानं कुणी देत नाही. मागची स्पोकची चाकं ज्या दात्यांवर बसतात ते झिजलेले. रिव्हर्समधून पुढच्या गिअरमध्ये घेताना ‘खट्’ असा आवाज येई. लांबच्या प्रवासात इंजिनाचे फेरे कमी करणारा ओव्हरड्राइव्ह चालत नव्हता. टायरची नक्षी भरपूर होती, पण त्यावरचे आकडे वाचले. टायरवर चार आकडे छापलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. हे टायर बारा वर्षांपूर्वीचे होते. अशा टायरवर भरवसा ठेवू नये, मग ते कितीही नवे दिसोत.

आता भाव. मालकीणबाईंनी सव्वानऊ हजार, नेमके सांगायचे तर ९,२५० पौंड सांगितले होते. डॉक्टरांना वाटत होतं मंडईसारखं निम्म्यापासून सुरू करावं. मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की तसं केलं तर गॅरेजचं दार बंद होईल आणि ते बरोबरही असेल. ज्या वस्तूवर माणसानं पंचवीस वर्षं जीव लावला तिची निंदा करून भाव उतरत नाही. उलट माणूस हट्टाला पेटतो. दुसरं, विकणाऱ्यासमोर आपापसात मराठीत कुजबुजायचं नाही. बोलायचं असेल तर जरा फिरून येतो म्हणावं आणि कोपऱ्यापर्यंत जावं.

आम्ही कोपऱ्यापर्यंत गेलो. कागदावर मांडलं : किंगपिन सहाशे, मागची दोन चाकं आणि त्यांचे हब सहाशे, पाच टायर चारशे, ओव्हरड्राइव्ह अंदाजे दोनशे. एकूण अठराशे. परत येऊन तोच कागद बाईंपुढे ठेवला. ‘गाडी तुम्ही फार चांगली सांभाळली आहे, आम्हाला ती हवी आहे, पण एवढा खर्च लगेच करावा लागेल,’ इतकंच मी म्हणालो. डॉक्टरांनी ७,९०० सांगितले. त्यानंतर गप्प बसायचं असतं. हे सर्वांत अवघड. समोरचा विचार करत असतो आणि आपणच घाईनं दोनशे वाढवून मोकळे होतो. बाईंनी कागद दोनदा वाचला. टायरचं त्यांना माहीत नव्हतं, त्या उठून आकडे स्वतः पाहून आल्या. मग ८,७५० म्हणाल्या. थोडं इकडंतिकडं होऊन ८,३५० वर थांबलं. आणखी शंभर-दीडशे ताणता आले असते. मी डॉक्टरांना खूण करून थांबवलं. सांगितलेला भाव प्रामाणिक होता, दोष लपवले नव्हते, आणि पुढं काही विचारायला फोन करता येणं हे दीडशे पौंडांहून जास्त उपयोगी पडतं.

अठराशे मिळवले तर मात्र दहा हजार दीडशे होत होते. वहिनींची अट मोडत होती. ओव्हरड्राइव्ह पुढच्या वर्षावर टाकला. तो बंद असला तरी गाडी चालते. टायरचं आणि किंगपिनचं तसं नाही.

पैसे देण्याआधी कागद. ब्रिटनच्या नोंदणीपुस्तकावर स्पष्ट छापलेलं असतं की हा मालकीचा पुरावा नव्हे. म्हणून खरेदीच्या जुन्या पावत्या बघाव्यात आणि गाडीवर कर्ज नाही ना याची चौकशी करावी. चासी नंबर प्रत्यक्ष पट्टीवरून जुळवावा. अमेरिकेसाठी बनलेल्या पुष्कळ गाड्या नंतर इंग्लंडात परत आणून स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे केलेलं असतं, ते या नंबरातल्या अक्षरावरून कळतं. चाळीस वर्षांहून जुन्या गाड्यांना मे २०१८ पासून तिथं वार्षिक तपासणीची सक्ती नाही. सवलत म्हणून हे ठीक. घेणाऱ्याच्या दृष्टीनं मात्र धोका वाढला. सरकारी संकेतस्थळावर आधीच्या तपासण्यांचे निकाल आणि त्या त्या वेळचं मैलांचं अंतर दिसतं, ते फुकट वाचता येतं आणि पुष्कळ बोलतं. खासगी व्यक्तीकडून घेताना कायद्याचं संरक्षण फार थोडं असतं, वर्णनाप्रमाणे वस्तू असली की झालं. म्हणून जे तोंडी सांगितलं ते पावतीवर लिहून घ्यावं. आम्ही घेतलं.

आपल्याकडे कुणी जुनी मोटार बघत असेल तर गंजाचं शास्त्र तेच, आणि मुंबई-कोकणची खारी हवा इंग्लंडच्या मिठाहून दयाळू नाही. आरसी बुकावरचा चासी आणि इंजिन नंबर कागद ठेवून पेन्सिल घासून उतरवून घ्यावा. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ साली केंद्र सरकारनं वेगळी ‘व्हिंटेज’ नोंदणी आणली. त्यांच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क आहे आणि ती दहा वर्षं चालते. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. तेव्हा ऑफिसला नेण्यासाठी गाडी हवी असेल, तर ही अट भाव ठरवण्याआधीच लक्षात घ्यायला हवी.