दुभंगलेले घर आणि समेटाची प्रार्थना

कुटुंबातील दुरावा मिटावा म्हणून ख्रिस्ती माणूस जी प्रार्थना करतो ती म्हणजे देवाला घातलेले साकडे, असा समज बाहेरून पाहणाऱ्याचा होणे स्वाभाविक आहे; घर सोडून गेलेला नवरा परत यावा, मुलाने दारू सोडावी, भावाभावांतील वाटणीचा तंटा संपावा, अशी मागणी या प्रार्थनांत असतेच. मात्र या प्रार्थनेचा शास्त्राधार तपासला की तिचा रोख मागणाऱ्याकडेच वळलेला आहे असे दिसून येते. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांत येशूची जी शिकवण एकत्र आली आहे, तिला ‘डोंगरावरील प्रवचन’ म्हणतात. अर्पण घेऊन वेदीपाशी आलेल्या माणसाला, आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही किल्मिष आहे असे तेथे आठवले, तर त्याने अर्पण तसेच ठेवून आधी भावाशी समेट करावा, असे या प्रवचनात सांगितले आहे. तक्रार येथे उपासकाची नसून त्याच्या भावाची आहे, आणि तरीही पहिले पाऊल उपासकानेच टाकायचे आहे. याच प्रवचनात ‘प्रभूची प्रार्थना’ येते. तीत स्वतःसाठी क्षमा मागणे आणि इतरांना क्षमा करणे या दोन गोष्टी एकाच वाक्यात गुंफलेल्या आहेत, आणि प्रार्थना संपताच येशू तिच्यातील याच एका मागणीवर भाष्य करतो, बाकीच्यांवर नाही.

‘समेट’ हा मराठी बायबलमधील शब्द पौलाच्या पत्रांत ज्या अर्थाने येतो तो तडजोडीपेक्षा व्यापक आहे. देवाने ख्रिस्ताद्वारे जगाशी स्वतःहून समेट केला आणि त्या समेटाची सेवा माणसांकडे सोपवली, अशी पौलाची मांडणी असल्यामुळे घरातील दिलजमाई ही ख्रिस्ती दृष्टीने त्या मूळ कृतीचा मानवी पडसाद ठरते. आरोग्याची प्रार्थना तिला जोडून येते. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आजाऱ्याने मंडळीच्या, म्हणजे स्थानिक ख्रिस्ती समुदायाच्या, वडीलजनांना बोलावून तेल लावून प्रार्थना करून घ्यावी असे सांगितले आहे, आणि त्याच ओघात एकमेकांजवळ आपली पापे कबूल करावीत, म्हणजे बरे व्हाल, असाही उपदेश आहे. शरीराचे दुखणे आणि नात्यातील दुखणे यांची फारकत या पत्राने केलेली नाही.

छत्तीसगडातील रायपूर आणि त्याभोवतीच्या प्रदेशात या शिकवणीला एक वेगळाच, काहीसा विरोधाभासी इतिहास लाभला आहे. ऑस्कर लोर हे जर्मन इव्हँजेलिकल मिशनरी १८६८ साली येथे आले आणि सतनामी या दलित समाजात काम करण्यासाठी त्यांनी बिसरामपूर ही वसाहत उभारली. ज्या समाजात जात, पंचायत आणि घर ही एकमेकांत विणलेली होती, तेथे एका माणसाने बाप्तिस्मा घेणे म्हणजे बहुधा घर फुटणे असे. समेटाची शिकवण घेऊन आलेला धर्म अनेक उंबरठ्यांवर दुराव्याचे कारण होऊन उभा राहिला, हे या इतिहासाचे अवघड सत्य आहे आणि ते झाकून या विषयावर प्रामाणिकपणे लिहिता येणार नाही.

घर फुटण्याचे दुसरे कारण मंडळीच्या आतच होते. छत्तीसगडातील अनेक जातींत ‘चूडी’ नावाची प्रथा होती. पुरुषाने बांगड्या दिल्या आणि स्त्रीने त्या स्वीकारल्या की, पहिला विवाह मागे टाकून तिचा दुसरा संसार समाजमान्य होई. मिशनऱ्यांनी ही प्रथा व्यभिचार ठरवली, आणि तिच्या वाटेने गेलेल्या ख्रिस्ती स्त्री-पुरुषांना मंडळीबाहेर काढण्यात येऊ लागले. इतिहासकार सौरभ दुबे यांनी सतनाम्यांवरील आणि तेथील ख्रिस्ती समाजावरील अभ्यासांत हा संघर्ष तपशिलाने मांडला आहे. बांगड्या देऊन मोडता आणि जोडता येणारे लग्न जेथे रूढ होते, तेथे ‘देवाने जोडलेले माणसाने तोडू नये’ हा नियम आल्यावर मोडलेल्या संसाराला पूर्वीची मोकळी वाट उरली नाही. उरली ती शिस्त, पश्चात्ताप आणि प्रार्थना यांचीच. पश्चात्तापाची ही भाषा कधी खऱ्या हृदयपालटाची असे, तर कधी मंडळीत परत प्रवेश मिळवण्यापुरती.

मराठी वाचकाला या प्रदेशाशी जोडणारा धागा रायपूरच्या पश्चिमेला, आगगाडीच्या त्याच मार्गावरील राजनांदगाव येथे सापडतो. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून, आणि पुढे नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी असल्यामुळे, मराठी माणसांची या भागात ये-जा होती. त्याच ओघात १८९३ साली कवी नारायण वामन टिळक नोकरीसाठी राजनांदगाव संस्थानाकडे निघाले. गाडीत भेटलेल्या एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. टिळकांचे मन जेथे अडकले ते नेमके डोंगरावरील प्रवचन होते. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि ज्या प्रवचनात भावाशी समेट करण्याची आज्ञा आहे त्या प्रवचनाच्या ओढीनेच त्यांचा स्वतःचा संसार उभा चिरला गेला.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांना बाप्तिस्म्याची ही बातमी नंतर कळली. आपल्या लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन त्या काही वर्षे पतीपासून दूर, नातेवाइकांच्या आश्रयाने राहिल्या, आणि या काळाचे जे चित्र त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनात रेखाटले आहे त्याला मराठीत जोड नाही. येथे कायद्याची एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. १८६६ च्या धर्मांतरित विवाहविच्छेद कायद्यानुसार, पती किंवा पत्नी ख्रिस्ती झाल्याच्या कारणावरून जोडीदाराने सहजीवन नाकारले तर धर्मांतरित व्यक्तीला न्यायालयात जाता येत असे, आणि ठरावीक मुदतीनंतरही नकार कायम राहिल्यास विवाह रद्द होऊ शके. टिळकांनी तो मार्ग धरला नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौलाने दिलेला सल्लाही याच दिशेचा आहे. विश्वास न ठेवणारी पत्नी सोबत राहण्यास राजी असेल तर पतीने तिला सोडू नये, असे तो सांगतो.

या पतिपत्नींची दिलजमाई झाली ती एका प्रार्थनेने किंवा एका भेटीने नव्हे. लक्ष्मीबाई टिळकांकडे आल्या तेव्हा आपले सोवळेओवळे सांभाळून आल्या, चूल आणि पाणी यांचा वेगळेपणा त्यांनी सोडला नव्हता, आणि टिळकांनी तो मोडून काढला नाही. पुढे जातिभेद माणसाने केलेला आहे, देवाने नव्हे, या निष्कर्षाला त्या आपल्या वाटेने आल्या आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळक तापट, मनस्वी आणि संसारात बेफिकीर होते, हे लक्ष्मीबाईंनीच हसत हसत लिहून ठेवले असल्यामुळे या कथेला संतचरित्राचा मुलामा देता येत नाही. शिवाय दुराव्याची किंमत दोघांनी सारखी मोजलेली नाही. निर्णय एकाचा होता आणि परक्या घरांत दिवस काढणे दुसरीच्या वाट्याला आले. प्रवचनांत ही कथा अविश्वासी पत्नीवर विश्वासी पतीने मिळवलेला विजय म्हणून सांगितली जाते, तेव्हा तिच्यातील सर्वांत मोलाचा भाग निसटतो. तो भाग म्हणजे एकाच छपराखाली दोन चुली नांदू देण्याइतका धीर. टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांच्या मृत्यूनंतर, म्हणजे १९१९ नंतर, लक्ष्मीबाईंनी पुढे नेले, ही या सहजीवनाची पुढची हकीकत.

आज रायपुरात या प्रार्थनेची रूपे पंथागणिक बदलतात. रायपूर येथे कॅथलिक महाधर्मप्रांताचे पीठ आहे. तेथे १९६४ साली प्राथमिक स्वरूपाचा धर्मविभाग, १९७३ मध्ये धर्मप्रांत आणि २००४ मध्ये महाधर्मप्रांत स्थापन झाला. कॅथलिक परंपरेत समेट हा सात संस्कारांपैकी एक आहे. धर्मगुरूपुढे पापनिवेदन करणे, पश्चात्ताप व्यक्त करणे, क्षमेचे वचन ऐकणे आणि सांगितलेले प्रायश्चित्त पुरे करणे ही त्याची अंगे आहेत. त्यात दुसऱ्याच्या अपराधाचा पाढा वाचायचा नसतो, आणि कुटुंबकलहाने पेटलेल्या माणसाला हीच गोष्ट सर्वांत जड जाते. १९७० साली नागपुरात प्रोटेस्टंट पंथांच्या एकीकरणातून स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा छत्तीसगड धर्मप्रांतही रायपूरचाच. अशा मंडळ्यांत पाळकाची घरभेट, उपास-प्रार्थना आणि इतरांसाठी देवापुढे उभे राहण्याची मध्यस्थीची प्रार्थना यांना महत्त्व असते. रायपूरच्या दक्षिणेला धमतरी येथे १८९९ साली, दुष्काळाच्या दिवसांत, अमेरिकेतील मेनोनाइट आले. शांततावाद हा या पंथाचा कणा आहे आणि मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील क्रम तो विशेष मानतो: अपराध करणाऱ्याशी आधी एकांतात बोलावे, त्याने ऐकले नाही तर एकदोघांना बरोबर न्यावे, आणि तरीही उपयोग न झाल्यासच गोष्ट मंडळीपुढे मांडावी. घरातील भांडण थेट प्रार्थनासभेत ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून जाहीर करण्याची जी सवय अनेक ठिकाणी आढळते, ती या क्रमाच्या उलट आहे. तिने समेट दूर राहतो आणि बोभाटा मात्र होतो.

‘चंगाई’, म्हणजे रोगनिवारण, हा हिंदी शब्द छत्तीसगडात प्रार्थनासभांशी घट्ट जोडला गेला आहे आणि तो वादाचाही विषय आहे. तथापि, या प्रदेशात मिशनांनी प्रार्थनेच्या जोडीला दवाखाने उभारले, धमतरी, मुंगेली, तिल्दा आणि चांपा येथील रुग्णालये ही त्या परंपरेची उदाहरणे, हे विसरता येत नाही. प्रार्थनेने आजार बरा होतो का, याचा एक मोठा शोध अमेरिकेत घेण्यात आला. हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांचा हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला, आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत अनोळखी लोकांनी केलेल्या प्रार्थनेचा लाभ दिसला नाही. उलट आपल्यासाठी प्रार्थना होणार हे ज्यांना निश्चित ठाऊक होते त्यांच्यात गुंतागुंत थोडी अधिक आढळली. नात्यांविषयीचे निरीक्षण मात्र वेगळे आहे. नेथॅनिअल लॅम्बर्ट आणि सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, जोडीदाराच्या भल्यासाठी प्रार्थना करणाऱ्यांची क्षमा करण्याची तयारी वाढलेली दिसली. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले की एवढे म्हणता येते: ज्याच्यासाठी प्रार्थना होते त्याच्या शरीरावर तिचा परिणाम मोजता आला नाही, जो प्रार्थना करतो त्याच्या मनावर मात्र तो मोजता आला. श्रद्धावंताला हा निष्कर्ष अपुरा वाटेल. डोंगरावरील प्रवचनाशी तो विसंगत नाही.

दारूने पोखरलेल्या घरांसाठी जगभर जी छोटी प्रार्थना प्रचलित आहे तिचा छत्तीसगडाशी आडवळणाने संबंध पोहोचतो. बदलता न येणारे स्वीकारण्याची शांती, बदलता येणारे बदलण्याचे धैर्य आणि या दोहोंतील फरक ओळखण्याचे शहाणपण मागणारी ही प्रार्थना अमेरिकी धर्मचिंतक राइनहोल्ड नीबर यांची मानली जाते आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या मद्यमुक्ती चळवळीने ती जगभर नेली. नीबर ज्या जर्मन इव्हँजेलिकल सिनड या चर्चसंस्थेचे पाळक होते, तिच्याकडेच १८८४ पासून बिसरामपूरच्या मिशनची जबाबदारी होती. व्यसनी माणसाच्या पत्नीला ही प्रार्थना एक अप्रिय गोष्ट शिकवते, ती म्हणजे नवऱ्याचे पिणे तिच्या हाती नाही. कर्ज न काढणे, खोटी कारणे सांगून त्याची नोकरी न वाचवणे, मुलांना सुरक्षित ठेवणे हे तिच्या हाती आहे.

क्षमा आणि पुन्हा एकत्र राहणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे ख्रिस्ती समुपदेशनात पुरेशा स्पष्टपणे सांगितले जात नाही. १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्याने ख्रिस्ती पतीला केवळ पत्नीचा व्यभिचार सिद्ध करून विवाह मोडता येत असे, पत्नीला मात्र बहुधा व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. ही विषमता २००१ च्या दुरुस्तीने गेली आणि परस्परसंमतीची तरतूदही तेव्हाच आली. तोवर सुमारे एकशे तीस वर्षे, मार खाणाऱ्या ख्रिस्ती स्त्रीला ‘प्रार्थना कर, सोसत राहा’ हा सल्ला धर्माइतकाच कायद्याच्या नाइलाजातूनही मिळत होता. वास्तविक कॅथलिक धर्मसंहितेचे ११५३ वे कलम जोडीदाराला किंवा मुलांना गंभीर शारीरिक अथवा मानसिक धोका निर्माण झाल्यास वेगळे राहण्याची मुभा देते, आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या कुटुंबविषयक पत्रात काही प्रसंगी विभक्त होणे नैतिकदृष्ट्या आवश्यक असते असे नमूद केले आहे. नागरी बाजूने २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे, आणि १९८४ च्या कायद्याने स्थापन झालेली कुटुंब न्यायालयेही निकालाआधी समझोत्याचा प्रयत्न करण्यास बांधील आहेत.

अशा प्रसंगी जाणता पाळक प्रार्थनेचा मजकूर बदलतो. पती-पत्नी एकत्र यावीत एवढेच न मागता तो हिंसा थांबावी, मुलांच्या मनातील भीती जावी, मारणाऱ्याला आपल्या कृत्याची जाणीव व्हावी आणि मार खाणारीला अपराधी वाटू नये, असे मागतो. क्षमेचा शब्द तिच्या तोंडी घालण्याची घाई करत नाही. स्तोत्रसंहितेतील ५५ वे स्तोत्र त्याच्या उपयोगी पडते. जिवलगाकडूनच झालेल्या विश्वासघाताचा आक्रोश, दूर अरण्यात उडून जाण्याची इच्छा आणि वैऱ्याविषयीचा उघड संताप या स्तोत्रात आहे, आणि बायबलने त्यातील एकही ओळ गाळलेली नाही.