घडीचा चाकू, कोरीव कामाचा

पाते मुठीत मिटविता येईल असा, लाकूड तासण्याचा व कोरण्याचा छोटा चाकू. विदर्भात (नागपूर, वर्धा) पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले तान्हा पोळा साजरा करतात. त्यासाठीच्या लाकडी बैलाचा ढोबळ आकार करवत व वाकस यांनी काढल्यावर शिंगे, कान, वशिंड यांसारखे बारकावे या चाकूने साधता येतात. त्यास सु. ५ ते ७ सेंमी. लांबीचे, सरळ धारेचे, निमुळते पाते सोयीचे असते. उच्च कार्बनी पोलादाच्या पात्यास बारीक धार लावता येते व ती टिकते. मात्र ते गंजत असल्याने पुसून तेल लावावे लागते. अगंज पोलादाच्या स्वस्त पात्यांची धार लवकर बोथटते.

निवडीत सांधा सर्वांत महत्त्वाचा असतो. पारंपरिक चाकूचे पाते केवळ पाठीकडील कमानीच्या (स्प्रिंगच्या) दाबाने उघडे राहते. त्यास अडसर नसतो. टोकाने टोचताना किंवा पात्याच्या पाठीवर दाब आल्यास ते बोटांवर मिटू शकते. म्हणून कमान ताठ असावी व उघडलेले पाते डळमळू नये. पांगाऱ्यासारखे मऊ लाकूड या चाकूस मानवते; सागासारख्या कठीण लाकडातील खोल कोरणीस पटाशीच योग्य ठरते.